झाडाखालची वेदी, झाडाजवळचा तंबू : वाचकांचे प्रश्न

बायबलच्या काळात पवित्र मानली गेलेली झाडं आणि तेव्हाची राहण्याची ठिकाणं, या विषयावर आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत. वचनांचे संदर्भ कंसात दिले आहेत. ती वचनं उघडून शेजारी ठेवली तर उत्तरं नीट पटतील.

प्रश्न : अब्राहाम मुक्काम करतो तिथे बहुतेक वेळा एखादं झाड असतंच. पुढे मात्र संदेष्टे हिरव्या झाडाखाली उपासना करणाऱ्यांना खडसावतात. अब्राहामाचं चाललं आणि इतरांचं चाललं नाही, असं का?

आधी घटनांचा क्रम पाहा. अब्राहाम शखेमला मोरेच्या झाडाजवळ येतो, तिथे परमेश्वर त्याला दर्शन देतो आणि त्यानंतर तो ‘दर्शन देणाऱ्या परमेश्वरासाठी’ वेदी बांधतो (उत्पत्ती १२:६-७). हेब्रोनजवळ मम्रे इथेही तंबू, झाडं आणि परमेश्वरासाठी वेदी असंच येतं (१३:१८). झाडाला काही वाहिलं, झाडाला नवस केला, झाडाकडून कौल घेतला, असं अब्राहामाबद्दल एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. मोरेच्या झाडाच्या वाक्यात ‘त्या वेळी देशात कनानी लोक होते’ अशी नोंद मात्र आहे. म्हणजे मोरेचं झाड त्याच्या येण्याआधीपासूनच लोकांच्या माहितीतलं असावं, आणि कदाचित पूजेतलंही.

तंबूत राहणाऱ्या माणसाला कायमचा पत्ता नसतो. कनानच्या डोंगराळ भागात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच. उरलेले महिने उघड्या उन्हाचे. अशा मुलखात दुरून दिसणारं मोठं झाड हीच जागेची खूण. ‘मम्रेच्या झाडांजवळ’ म्हटलं की कुठे यायचं ते कळायचं. न्यायनिवाडाही झाडाखाली होई : दबोरा रामा आणि बेथेल यांच्यामध्ये, एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशात, खजुरीखाली बसे आणि लोक तिच्याकडे निवाड्यासाठी येत (शास्ते ४:५). मृतांना झाडाखाली पुरत : रिबकेची दाई (तिचंही नाव दबोराच) बेथेलच्या खालच्या बाजूला ओकाखाली पुरली गेली आणि त्या झाडाला ‘रुदनाचा ओक’ असंच नाव पडलं (उत्पत्ती ३५:८).

शखेमचा इतिहास सलग वाचला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडतं. एबाल आणि गरिज्जीम या डोंगरांमधल्या खिंडीतलं हे गाव. याकोब आपल्या घरातले परके देव आणि कानांतली कुंडलं शखेमजवळच्या झाडाखाली पुरून टाकतो (उत्पत्ती ३५:४). यहोशवा तिथेच, परमेश्वराच्या पवित्रस्थानाजवळच्या ओकाखाली, कराराची साक्ष म्हणून मोठी शिळा उभी करतो (यहोशवा २४:२६). आणि शखेमचे लोक आपल्या सत्तर भावांना मारणाऱ्या अबीमलेखाला झाडाजवळच राजा करतात (शास्ते ९:५-६). याच अध्यायात शखेमजवळ ‘शकुन पाहणाऱ्यांचं झाड’ही आहे (९:३७). ही सगळी एकाच झाडाबद्दलची वचनं आहेत असं ठामपणे म्हणता येत नाही, पण गाव एकच आहे. एकाच गावच्या झाडाखाली मूर्ती पुरल्या गेल्या, करार झाला, खुनी माणूस राजा झाला आणि शकुनही पाहिले गेले.

इसवी सनपूर्व आठव्या शतकातला संदेष्टा होशेय लोकांना झाडाखाली यज्ञ का आवडतात याचं अगदी साधं कारण देतो : छाया चांगली असते म्हणून (होशेय ४:१३). ओक, हिवर आणि तेरेबिंथ (पिस्त्याच्या कुळातलं झाड) अशी तीन झाडं तो नावं घेऊन सांगतो. त्याचा राग तिथे चालणाऱ्या व्यवहारावर आहे. अनुवाद या पुस्तकात याचा नियम झाला : डोंगरांवरची आणि हिरव्या झाडांखालची पूजास्थळं मोडा, उपासना परमेश्वर निवडेल त्या एकाच स्थळी करा (१२:२-५), आणि वेदीजवळ कुठलंही झाड अशेरा (पूजेची खूण; पुढचा प्रश्न पाहा) म्हणून लावू नका (१६:२१). झाडाचा द्वेष यात नाही. याच पुस्तकात शहराला वेढा घातलेला असतानाही फळझाडांना कुऱ्हाड लावायला मनाई आहे; फळं न देणारीच झाडं वेढ्याच्या कामासाठी तोडावीत, असं स्पष्ट सांगितलं आहे (२०:१९-२०). अनेक प्रवचनांत यातली एकच बाजू सांगितली जाते, म्हणून हे वचन मुद्दाम दिलं.

प्रश्न : अशेरा म्हणजे देवी, झाड की लाकडी खांब? प्रत्येक ठिकाणी वेगळंच वाटतं.

वेगळं वाटतं कारण मजकुरातच तिन्ही अर्थ आहेत. १ राजे १८:१९ मध्ये ‘अशेरेचे चारशे संदेष्टे’ येतात, तिथे ती देवी आहे. अनुवाद १६:२१ मध्ये अशेरा ‘लावायची’ आहे, म्हणजे झाड किंवा झाडासारखं काही. इतरत्र ती ‘उभी करतात’, ‘तोडतात’, ‘जाळतात’, म्हणजे लाकडाची वस्तू. मनश्शे राजाने तर तिची कोरीव मूर्ती थेट मंदिरात ठेवली (२ राजे २१:७).

देवी म्हणून ती जुनी आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित इथे १९२९ पासून सापडलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये ती ‘अथिरत’ या नावाने, एल या मुख्य देवाची पत्नी म्हणून येते. सर्वांत जास्त वाद आहे तो सिनायच्या ईशान्य भागातल्या कुंतिल्लेत अजरूद इथल्या लेखांवर. झेएव मेशेल यांनी १९७५-७६ मध्ये तिथे उत्खनन केलं. इसवी सनपूर्व ८०० च्या आसपासच्या मोठ्या रांजणांवर ‘शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आढळले. हेब्रोनच्या पश्चिमेला खिर्बेत अल-कोम इथल्या थडग्यातही जवळपास असाच मजकूर आहे. लोकांनी परमेश्वराला पत्नी मानलं होतं, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. दुसऱ्या बाजूचा आक्षेप व्याकरणाचा आहे : हिब्रूमध्ये व्यक्तीच्या नावाला ‘त्याची’ असा प्रत्यय लागत नाही, म्हणून इथे अशेरा म्हणजे वेदीजवळचा पवित्र खांब असावा. आम्हाला दुसरं म्हणणं अधिक सरळ वाटतं. पण खांब तरी कोणाची खूण होता, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

ती कशी मोडली गेली याचे तपशील शास्ते ६:२५-२७ मध्ये आहेत. गिदोनाने दहा नोकर घेतले. घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या भीतीने रात्रीची वेळ निवडली. बापाची बआल या कनानी देवाची वेदी पाडली, शेजारची अशेरा तोडली, नवी वेदी रचली आणि सात वर्षांच्या बैलाचं होमार्पण त्याच अशेरेच्या लाकडावर केलं. बैलाच्या होमाला पुरेल इतकं लाकूड निघालं, म्हणजे ती हातात मावणारी छोटी मूर्ती नव्हती. योशीया राजाने मंदिरातली अशेरा बाहेर काढून किद्रोन ओढ्याजवळ जाळली, कुटून तिची धूळ केली आणि ती सामान्य लोकांच्या कबरींवर टाकली (२ राजे २३:६). नुसती तोडली असती तर पुन्हा उभी राहिली असती. धूळ करून कबरींवर टाकल्यावर ती अशुद्ध ठरली आणि परतीची वाटच बंद झाली.

प्रश्न : काही भाषांतरांत ओक, काहींत तेरेबिंथ. प्रत्यक्षात कोणतं झाड?

हिब्रूमध्ये या झाडांसाठी मिळतीजुळती दोन-तीन नावं आहेत आणि जुन्या भाषांतरकारांनी ती सरमिसळ वापरली. झाडं मात्र समोर उभी असली की सहज वेगळी ओळखता येतात. तिथला नेहमीचा ओक, क्वर्कस कॅलिप्रिनोस, सदाहरित असतो. पान लहान, चिवट, कडेला काटेरी दाते. फळ म्हणजे खवल्यांच्या वाटीत बसलेलं लांबट बोंड. ताबोर ओक ही दुसरी जात हिवाळ्यात पानं गाळते. तेरेबिंथ, म्हणजे पिस्तासिया अटलांटिका, पिस्त्याच्या कुळातलं. एका देठावर अनेक पर्णिका असलेलं संयुक्त पान, चुरगळलं की राळेचा वास, फळं वाटाण्याएवढी आणि घोसात. फांद्यांवर मव्यांमुळे वाढलेल्या पोवळ्यासारख्या गाठी दिसल्या तर शंकाच नको. हेही हिवाळ्यात निष्पर्ण होतं.

ही झाडं पवित्र का मानली गेली, त्याचं एक कारण त्यांच्या बुंध्यात आहे. ओक आणि तेरेबिंथ दोन्ही तोडल्यावर बुडापासून पुन्हा फुटतात. यशया ६:१३ मध्ये दोन्हींची नावं एकत्र येतात ती यासाठीच : झाड पडलं तरी बुंधा उरतो आणि तो बुंधा म्हणजे ‘पवित्र बीज’.

अबशालोम ज्यात अडकला ते झाड (२ शमुवेल १८:९) आणि गल्याथाच्या लढाईचं एला खोरं, या दोन्ही ठिकाणी तेरेबिंथ समजावं.

प्रश्न : आमच्या मंडळीचा गट हेब्रोनला जाणार आहे. मम्रे म्हणून तिथे दोन जागा दाखवतात असं ऐकलं. खरी कोणती?

पहिली जागा हेब्रोनच्या उत्तरेला सुमारे तीन किलोमीटरवर, रामेत अल-खलील. इथे मोठमोठ्या घडीव दगडांचं, साधारण ४९ बाय ६५ मीटरचं आवार आहे. ते हेरोदाच्या काळातलं बांधकाम मानलं जातं. नैर्ऋत्य कोपऱ्यात विहीर आहे आणि पूर्व भागात चौथ्या शतकातल्या चर्चचे अवशेष. १९२६ ते १९२८ मध्ये एव्हारिस्टस मादर यांनी इथे खोदकाम केलं.

या आवाराचा इतिहास सुन्न करणारा आहे. रोमी सत्तेविरुद्धचं बार कोखबाचं यहुदी बंड इसवी सन १३५ मध्ये मोडल्यावर हजारो यहुदी कैद्यांना इथल्या बाजारात गुलाम म्हणून विकलं, असं ख्रिस्ती विद्वान जेरोम लिहितो. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनची सासू युट्रोपिया इथे आली. झाडाजवळ मूर्ती आणि यज्ञ चाललेले पाहून तिने जावयाला कळवलं, आणि त्याने मूर्ती जाळून, वेदी पाडून चर्च बांधायचा हुकूम दिला. तरी जत्रा थांबली नाही. पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन सांगतो की दर उन्हाळ्यात यहुदी, ख्रिस्ती आणि मूर्तिपूजक असे तिघेही इथे जमत, आपापल्या रीतीने सण पाळत. काही जण विहिरीवर दिवे लावत. तिच्यात द्राक्षारस, पोळ्या, नाणी, गंधरस, धूप टाकत. त्यामुळे पाणी इतकं खराब होई की सणाच्या दिवसांत कोणी ते उपसत नसे.

दुसरी जागा हेब्रोनच्या पश्चिमेला, रशियन ऑर्थोडॉक्स मठाच्या आवारात. १८६८ मध्ये ही जमीन रशियन मिशनने घेतली. ‘अब्राहामाचा ओक’ म्हणून दाखवतात तो हाच. तो १९९६ मध्ये वाळला, १९९८ मध्ये मुळाशी नवा कोंब दिसला आणि २०१९ मध्ये जुनं खोड कोसळलं. त्यामुळे चित्रांत दिसणारा विशाल वृक्ष आता पाहायला मिळणार नाही, हे गटाला आधीच सांगून ठेवा.

पुरातन परंपरा शोधत असाल तर पहिल्या जागेला वेळ द्या. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस एका ग्रंथात हेब्रोनपासून सहा स्टेडियमवर, म्हणजे जेमतेम एक किलोमीटरवर, जगाच्या उत्पत्तीपासूनचं म्हणवलं जाणारं तेरेबिंथ असल्याचं लिहितो आणि दुसऱ्या ग्रंथात अब्राहाम ‘ओगिगेस नावाच्या ओकाजवळ’ राहिला असं म्हणतो. तेव्हाही झाडाची जात आणि जागा पक्की नव्हती. उत्पत्तीचा अठरावा अध्याय आवारातच मोठ्याने वाचा. भर उन्हाची वेळ, तंबूच्या दाराशी बसलेला यजमान, झाडाखाली टेकलेले तीन पाहुणे आणि तीन मापे सपिठाच्या भाकरी. तीन मापे म्हणजे वीस लिटरच्या आसपास पीठ. तिघांसाठी एवढं मळायला सांगणाऱ्याचं मन केवढं असेल, ते तिथे उभं राहून वाचताना उमगतं.

प्रश्न : अब्राहामाने बैर-शेबाला एशेल झाड लावलं (उत्पत्ती २१:३३). फळ नाही, मग कशासाठी?

सावलीसाठी. एशेल म्हणजे तामारिस्क. बैर-शेबाला वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस, जमीन खारवट. तामारिस्क मुळांनी खोलवरचं पाणी ओढतं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. म्हणून जिथे ओक जगत नाही तिथे ते जगतं. झाड लावण्याच्या आधीच अबीमलेख नावाच्या गरारच्या राजाशी विहिरीचा करार झाला आहे, हे विसरू नका. पाण्याचा हक्क पक्का झाला, मग झाड लागलं. शौलही गिबा इथे तामारिस्काखाली भाला हातात घेऊन दरबार भरवताना दिसतो (१ शमुवेल २२:६).

प्रश्न : रविवारच्या शाळेत निवासमंडपाची (इस्राएल लोकांच्या वाळवंटातल्या तंबूरूपी पवित्रस्थानाची) प्रतिकृती करायची आहे. मापं जुळत नाहीत. कुठे चुकतं?

एक हात म्हणजे एक सेंटिमीटर धरा (प्रत्यक्षात हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा). मंडप ३० लांब, १० रुंद, १० उंच. अंगण १०० बाय ५०, कनातीची उंची फक्त ५, पूर्वेचं फाटक २०. मंडपाचं दारही पूर्वेलाच.

चूक बहुधा पडद्यांत होते. तागाचे पडदे दहा, प्रत्येक २८ बाय ४. पाच-पाच जोडून दोन मोठे भाग करा. प्रत्येक भागाच्या कडेला पन्नास बिरडी (फासे) लावून ते पन्नास सोन्याच्या आकड्यांनी जोडायचे. एकूण ४० बाय २८. लांबीत ३० छतावर आणि १० मागच्या भिंतीवर. रुंदीत १० छतावर आणि दोन्ही बाजूंना ९-९, म्हणजे हा पडदा जमिनीपासून एक हात वर राहतो. राहू द्या, ओढून खाली आणू नका. त्यावर बकऱ्याच्या केसांचे अकरा पडदे, प्रत्येक ३० बाय ४, एकूण ४४ बाय ३०. हे मात्र दोन्ही बाजूंना जमिनीला टेकतात. लांबीत चार हात जास्त येतात : सहावा पडदा पुढे दुमडायचा असल्याने दोन हात तिथे जातात, दोन मागे लोंबतात (निर्गम २६:९, १२).

आता सोन्याचे आकडे कुठे आले ते मोजा : दारापासून बरोबर वीस हातांवर. अंतरपट ‘आकड्यांच्या खाली’ टांगायचा आहे (२६:३३). त्यामुळे आत दहा हातांचं चौरस परमपवित्रस्थान आपोआप तयार होतं. प्रतिकृतीत अंतरपट अंदाजाने मध्ये लावला तर ही सगळी मोजणी वाया जाते.

फळ्या ४८ : उत्तरेला २०, दक्षिणेला २०, पश्चिमेला ६ आणि कोपऱ्याच्या २. प्रत्येक १० उंच, दीड रुंद, खाली चांदीच्या दोन-दोन बैठका. ९६ झाल्या, अंतरपटाच्या चार खांबांच्या चार मिळून १००, त्यांची चांदी १०० किक्कार (वजनाचं जुनं माप; ३८:२७). फळीची जाडी मजकुरात दिलेली नाही. मागे आठ फळ्यांची रुंदी बारा हात होते म्हणून काही जुने भाष्यकार जाडी एक हात धरतात, पण ते वाहतुकीत टिकत नाही. तशी एक फळी बाभळीच्या लाकडात एक टनाहून जड होते, आणि फळ्या वाहणाऱ्या मरारीच्या वंशजांना गाड्या मिळाल्या चार, बैल आठ (गणना ७:८). एका बैलजोडीने बारा टन ओढणं शक्य नाही. सिनायच्या बाभळीला एवढा रुंद सरळ बुंधाही नसतो. फळ्या जोडीव आणि पातळ असाव्यात, किंवा नुसत्या चौकटी असाव्यात. पुठ्ठा पातळच घ्या आणि कोपरे एकमेकांवर चढवा.

प्रश्न : कफर्णहूमला चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडलं (मार्क २:४). घर कोसळलं कसं नाही?

छत सपाट असे. भिंतीवरून भिंतीवर तुळया, त्यांवर आडव्या फांद्या किंवा बोरू आणि वर मातीचा जाड लेप. पावसाळ्याआधी लेप नवा करून दगडी रुळाने दाबावा लागे. हयगय झाली की गळती सुरू होई किंवा गवत उगवे. ‘धाब्यावरचं गवत’ उपटण्याआधीच वाळतं, हे स्तोत्र १२९:६ मध्ये आहे. तुळयांना हात न लावता दोन तुळयांमधली माती आणि फांद्या काढल्या तर घराला धोका नाही, दुसऱ्या दिवशी लिंपलं की झालं. तुळया बहुधा उंबराच्या, कारण ते लाकूड हलकं आणि मिळायला सोपं. श्रीमंतांकडे गंधसरू (यशया ९:१०). धाब्यावर ताग वाळवत, माणसं झोपत, म्हणून कठडा बांधणं बंधनकारक होतं. कठडा नसताना कोणी पडून मेला तर रक्तपाताचा दोष घरावर येई (अनुवाद २२:८).

प्रश्न : यहुद्यांच्या मंडपांच्या सणात झाडाच्या फांद्यांचे मांडव घालतात. मग सरळ एखाद्या दाट झाडाखालीच सात दिवस राहिलं तर?

चालत नाही. नहेम्याच्या काळात लोकांनी जैतून, रानजैतून, मेंदी आणि खजूर यांच्या फांद्या डोंगरावरून तोडून आणल्या आणि धाब्यांवर, अंगणांत मांडव घातले (नहेम्या ८:१५-१६). पुढे मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, नियम बारकाईने बांधले गेले. मांडवाची उंची वीस हातांपेक्षा जास्त नको आणि दहा मुठींपेक्षा कमी नको. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. आच्छादन जमिनीतून उगवलेलं हवं, पण जमिनीपासून तोडलेलं. झाडाखाली घातलेला मांडव घराच्या आत घातल्यासारखा समजतात, म्हणून तो बाद. वेल किंवा भोपळा वर चढवून त्यावर आच्छादन टाकलं तरीही बाद. मात्र तोडलेलं आच्छादन वेलीपेक्षा जास्त असेल, किंवा वेल बुडाशी कापली, तर मांडव चालतो.